दारातली भांगलण

पेव्हिंग ब्लॉकच्या फटीतलं गवत कसं काढावं हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं कोल्हापुरात आपल्या फाटकाशी नुसतं खाली बसून दाखवावं. शिकवणारे आपोआप येतात.

गेल्या रविवारी पावसानं जरा उघडीप दिली म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर आणि मोडकं स्टूल घेऊन बाहेर पडलो. फाटकापासून पायरीपर्यंत ब्लॉक, आणि प्रत्येक फटीतून वर आलेलं हिरवंगार गवत. ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदारानं "मेंटेनन्स शून्य" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. त्याच्याकडे नंतर येतो, कारण तेवढ्यात आबा आले.

आबा आमच्या गल्लीत लेकाकडे राहतात, मूळचे राधानगरीकडचे. पांढरी टोपी, छत्री शर्टाच्या मागच्या कॉलरला लटकवलेली आणि पायात बहुधा सुनेची निळी स्लीपर. फिरायला निघालेला हा माणूस माझ्या फाटकाशी असा थांबला, की पुन्हा फिरायला म्हणून गेलाच नाही.

"भांगलण चालल्या व्हय?"

"नाही आबा, जरा साफसफाई."

"त्येच की. तण काढायचं म्हंजे भांगलणच." मग जागेवर एक नजर फिरवून, "किती गुंठं आसंल?"

"गुंठे कसले, दोन गाड्या मावतील एवढी जागा आहे."

"ऊस लावलासा तर बरं झालं आसतं," असं म्हणून ते गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. एक काडी उपटली आणि सोनाराच्या थाटात दोन बोटांत फिरवून माझ्या हातात दिली. "बघा, तिधारी लागतीया न्हवं बोटाला? लव्हाळा हाय ह्यो. वरनं उपटलासा की गाठ खालीच ऱ्हाती. एक गाठ ऱ्हायली की धा उठत्यात. आमच्या बापाला न्हाई गेला ह्यो लव्हाळा."

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. उपटा."

मी उपटत राहिलो. आबा बसल्या जागेवरून माझी रेघ तपासत होते. एक फट पुरी होण्याआधी मी दुसरीकडे वळलो, तर म्हणाले, "पात सोडू नगासा. धरली पात पुरी करावी." आमच्या पलीकडच्या वहिनी दुधाची पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्यांना हाक मारून आबांनी सांगितलं, "सायबास्नी भांगलाय येत न्हाई, बगा." वहिनी हसल्या. मी या शहरात टॅक्स भरतो, गाडी दोन रेघांच्या मध्ये लावतो, आणि माझ्याच दारात, माझ्याच स्टुलावर बसून माझी ही किंमत.

मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "तणनाशकच मारतो." तिथंच चुकलं असं कुणी म्हणेल, पण कुठल्याही विषयावर आबांकडे चार वाक्यं शिल्लक असतातच.

"कंचं? टू फोर डी मारलासा तर हराळी हसंल तुमास्नी. त्ये रुंद पानाच्या तणाला. हराळीला आनी लव्हाळ्याला ग्लायफोसेट लागतंय."

मी सांगितलं, की ग्लायफोसेट असं कुणीही मारायचं नाही, 2022 साली केंद्र सरकारनं ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असं काढलंय. आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "सरकार येतंय व्हय भांगलायला?"

शिवाय ग्लायफोसेट पानांतून मुळापर्यंत उतरायला काही तास कोरडे मिळावे लागतात, आणि जुलै-ऑगस्टमधलं कोल्हापूर म्हणजे सकाळी ऊन बघून गाद्या बाहेर घालाव्यात आणि दहा मिनिटांत त्या पिळाव्यात. त्या दिवसांत इथल्या माणसाला दुसरा विषयच नसतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखं पाठ. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले, यावर चहाच्या गाडीवर पैजा लागतात. 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेल्या गावाला तो हक्कही आहे. पण माझ्या दारातल्या गवताची ना इशारा पातळी ना धोका पातळी. ते वर येतं तेव्हा कुणी भोंगा वाजवत नाही.

मिठाचं पाणी ओता, असं सांगणारे दोघे त्याच सकाळी भेटले. मीठ गवत मारतं, खरंच मारतं; मग पावसात वाहत जाऊन कडेच्या जास्वंदीलाही मारतं आणि ब्लॉकवर पांढरे डाग सोडतं. व्हिनेगरनं पात्याचं टोक जळतं, खालची गाठ मजेत असते. उकळतं पाणी कोवळ्या रोपांना चालतं, पण हराळीवर किटलीमागून किटली ओतत बसायचं, तेही घरातल्या गॅसवर. बायकोनं एकदा नुसतं किटलीकडे बघितलं आणि तो उपाय बाद झाला.

आता ठेकेदार. या गवताचं मूळ जमिनीत नाही, त्याच्या डोक्यात आहे. ब्लॉकखाली दाबून बसवलेली खडी, तिच्यावर दोन-चार सेंटीमीटर वाळूचा थर, आणि दोन ब्लॉकच्या मधल्या तीन-चार मिलीमीटरच्या फटीत कोरडी बारीक वाळू झाडूनं भरून वरून थरथरून वाळू खाली बसवणारा प्लेट व्हायब्रेटर फिरवायचा. फट भरली नाही तर पुन्हा वाळू, पुन्हा व्हायब्रेटर. एवढं सगळं आहे. यानं काय केलं? पावसाळा तोंडावर होता, वाळू महाग होती, म्हणून उरलेला मुरूम आणि अंगणातली माती खराट्यानं फटीत लोटली आणि पाण्याचा पाइप मारून "बसली, बसली" म्हणाला. म्हणजे त्यानं मला पैसे घेऊन रोपवाटिका बांधून दिली. वर, खाली प्लास्टिक अंथरलंय म्हणून त्याचं बिल वेगळं! प्लास्टिक खाली, आणि बी येतंय वरून, वाऱ्यानं, पाखरांच्या पोटातून, रस्त्यावरच्या धुळीतून. वरच्या मातीत ते रुजलं की खालच्या प्लास्टिकला कोण विचारतंय? आणि लव्हाळ्याचं टोक तर प्लास्टिक भोसकून वर येतं. पाणी मात्र त्याच प्लास्टिकवर तुंबतं, त्यामुळे फटी कायम ओल्या.

मी फोन केला. तो म्हणाला, "साहेब, गवत उगवतंय म्हणजे जमीन जिवंत आहे." मी म्हटलं, मी जिवंत जमीन मागितली नव्हती, पार्किंग मागितलं होतं. त्यावर, "दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर कुणाची, हे त्यानं सांगितलं नाही. यात मला हसू येत नाही. पैसे पूर्ण मोजून घेतले होते त्यानं, नोटा दोनदा मोजल्या होत्या.

तर दिवाळीनंतर मीच फटी उकरून, सगळं पूर्ण सुकू देऊन कोरडी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, भरणार आहे. पॉलिमर मिसळलेली, पाणी मारलं की घट्ट होणारी वाळूही मिळते म्हणतात. तिला आधी दगड खडखडीत कोरडा लागतो, म्हणजे पुन्हा डिसेंबरच.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काठी नसल्यामुळे छत्री काढून, तिच्या टोकानं फाटकाजवळच्या हराळीभोवती चौकोन आखला. "ह्यो तेवढा सोडा. गणपती आल्यात. दूर्वा कुठनं आनायच्या लोकांनी? बाजारात जुडीला पैसं मोजायचं?"

म्हटलं, ठीक. देवाचं काम आहे, नाही कसं म्हणणार. काल संध्याकाळी एक मावशी हातात परडी घेऊन फाटक उघडून थेट आत आल्या. मी पायरीवर उभा. मला वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं,

"आबांचं रान ह्येच काय ओ? आनी तुमी राखनीला हाईसा व्हय?"