अडीच हजारात अकरा मिनिटं

अकरा मिनिटं! घड्याळ लावून सांगतोय. काल नौपाड्यात 'साहित्य महोत्सवाच्या मदतनिधीसाठी लेखिकेसोबत एक संध्याकाळ' झाली, त्यात लेखिकेच्या वाट्याला आलेला वेळ एवढाच. संध्याकाळ साडेसहाची, संपली साडेनऊला. बाकीचा वेळ कुठे गेला हे ठाणेकरांना मी काय सांगू?

तरी सांगतोच, कारण रात्रभर डोकं तापलेलं आहे. ईशस्तवन. स्वागतगीत. दीपप्रज्वलन. पंख्याने समई विझली म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन. प्रास्ताविक. मग देणगीदारांचे सत्कार, आधी सुवर्ण, मग रौप्य. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ते काचेचं पान की ज्योत की काय असतं ते. नागपूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एकेका सत्काराला टाळ्या वाजवतायत. शेवटी एकदाच्या उठल्या, कागद काढले, नव्या कादंबरीतलं प्रकरण वाचायला घेतलं. आणि काय वाचत होत्या! मागच्या रांगेतला खोकलासुद्धा थांबला. गोष्टीतली म्हातारी रात्रीची विहिरीपाशी येते, काठावर हात टेकते, वाकून आत बघते... आणि सभागृहाचं दार उघडलं. माजी नगरसेवक आले.

सूत्रसंचालिका सरळ माईकपाशी गेली. "ताई, एक मिनिट हं, साहेबांना पुढे जायचंय." साहेबांचा सत्कार. साहेबांचं मनोगत. साहेबांना वाचायला वेळ मिळत नाही, पण साहित्याला त्यांचा कायम पाठिंबा आहे. साहेब गेले, त्यांच्यामागून आलेला जथाही गेला. बाई पुन्हा वाचायला लागतात न लागतात तोच त्यांच्या हातात चिठ्ठी: 'वेळेअभावी आवरते घ्यावे.' अरे, म्हातारी अजून विहिरीवर वाकलेली आहे! आत काय दिसलं तिला? अडीच हजार मोजलेत मी, मला कळायला नको?

बरं, पुस्तक विकत घेऊन वाचावं म्हटलं, तर टेबलावरच्या प्रती संपलेल्या. सुवर्णवाल्यांच्या कापडी पिशव्यांत गेल्या. त्यातल्या एका पिशवीवर एक गृहस्थ वड्याची प्लेट ठेवून खात होते. नाव माहीत आहे, लिहीत नाही.

बसायचीही तीच तऱ्हा. तिसऱ्या रांगेत टेकतोय तर गळ्यात बिल्ला अडकवलेला पोरगा हजर. "काका, ही रांग निमंत्रितांची आहे." पहिल्या तिन्ही निमंत्रितांच्या, शेवटपर्यंत रिकाम्या. पैसे भरणारे मागे, फुकटे पुढे, आणि फुकट्यांनाही यावंसं वाटलं नाही! आणि 'काका' कुणाला म्हणतोस रे?

ते अडीच हजारही रोख घेतले. "८० जी आहे काका, करात सूट मिळेल." रोख देणगी दोन हजारांच्या वर गेली की ८० जी ची वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती आम्हाला मिळतच नाही, हे मी पावतीपुस्तकासमोर उभं राहून समजावून सांगितलं. मागे रांग लागली. बायको ओळख नसल्यासारखी पुस्तकांच्या टेबलाकडे निघून गेली. साहित्यिक कार्यक्रमांना माझ्या शेजारी बसणं तिने केव्हाच सोडलंय. फोन वाजला की मी जो 'शूऽऽ' करतो, तो फोनपेक्षा मोठा असतो म्हणे. असेल. पण प्रश्नोत्तरांत उठून "प्रश्न नाही, पण चार ओळी सुचल्यात" म्हणणाऱ्यांना कोणीतरी खाली बसवायला नको?

शालींवर मी बोलू नये म्हणा. एका कविता स्पर्धेचं परीक्षण केलं होतं तेव्हा मलाही मिळाली. आमच्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली आहे, मध्यभागी जळलेली. त्या टेबलाला माझ्यापेक्षा जास्त मान आहे घरात.

पण गंमत बाजूला. बाहेर पडताना मी कार्यवाहांना विचारलं, बाईंना मानधन किती दिलं? "अहो, त्या प्रेमाने आल्या." प्रेमाने! मांडववाला प्रेमाने आला का? वडेवाला? त्या काचेच्या ज्योती प्रेमाने मिळाल्या का? मराठी पुस्तकाची आवृत्ती पाचशेवर, तीनशेवर आलीय, रॉयल्टी दहा टक्के, तीही मिळाली तर. आणि जिच्या नावावर पावत्या फाडल्या तिला नारळ! नागपूरला परत न्यायचा का तो?

निधी जातो स्मरणिकेत. अर्ध्या पानाची जाहिरात, पूर्ण पानाची जाहिरात, बिल्डरांच्या शुभेच्छा. २०१० साली ठाण्यात ८४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच्या स्मरणिकेवरून केवढा गदारोळ उठला होता आठवतंय? निदान ती कुणीतरी उघडून वाचली होती! इथे आपलं १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, तिथली वर्गणी भरा म्हटलं की हीच सुवर्णमंडळी 'हल्ली वाचन कुठे होतं' म्हणतात.

आज सकाळी गटावर 'कार्यक्रम अत्यंत यशस्वी!' म्हणून फोटो आले. साहेब सगळ्यांत. बाई एकात, पुष्पगुच्छामागे, अर्ध्या. मी लिहिलं, जमा किती आणि लेखिकेला किती, एवढं सांगा. उत्तरादाखल जोडलेले हात आले. पुन्हा विचारलं. पुन्हा हात. तिसऱ्यांदा विचारायला गेलो तर खाली राखाडी अक्षरांत 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात'.