उन्हाळी बॅचला समुद्रही शिकवा

मे महिन्यात पोहण्याची बॅच संपली की ठाण्यातले पालक हमखास म्हणतात, "आता आम्ही काशीदच्या समुद्रावर निघालो. पोराला पोहता येतं, काळजी नाही." मी मुलांना पोहायला शिकवतो आणि हे ऐकलं की पोटात गोळा येतो. तरणतलावात पाणी जागच्या जागी असतं, तळ दिसतो, दमलं की कडेचा दांडा हाताशी असतो. समुद्रात यातलं काहीही नाही. वाळू सरकते, त्यामुळे काल कमरेएवढं पाणी होतं तिथे आज डोक्यावरून जाऊ शकतं.

किनाऱ्यावर येऊन फुटलेल्या लाटांचं पाणी परत आत जायला वाट शोधतं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधून, अरुंद पट्ट्यातून ते जोरात आत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. किनाऱ्यावरचे लोक "आज पाण्याला ओढ आहे" म्हणतात, तेव्हा ते ऐकायचं आणि बाहेरच थांबायचं. घात असा की बाकी ठिकाणी लाटा फुटत असताना हाच पट्टा शांत आणि गडद दिसतो, आणि लेकरांना घेऊन माणसं नेमकी तिथेच उतरतात. ही ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकते. ऑलिम्पिकमधले पोहणारे साधारण त्याच वेगाने पोहतात, तिथे आपलं काय!

ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो तिच्या उलट हातपाय मारून दमल्यामुळे. म्हणून आधी उताणं तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, अंगात जोर असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडायचं आणि मग किनाऱ्याकडे वळायचं.

हे सगळं तरंगण्यावर अवलंबून आहे. नऊ-दहा वर्षांचं पोर पहिल्यांदा उताणं झालं की घाबरून मान उचलतं, लगेच कंबर मोडते आणि पाय खाली जातात. हनुवटी वर, कान पाण्यात, पोट वर, छातीत श्वास भरलेला, एवढं जमलं की ते बराच वेळ न दमता पडून राहतं. पण बहुतेक बॅचमध्ये याला जेमतेम एक दिवस मिळतो, कारण पालकांना फ्रीस्टाइल बघायची असते. मला हे अजिबात पटत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक उन्हाळी बॅचने शेवटचे दोन दिवस फक्त समुद्रासाठी ठेवावेत.

त्यात भरती-ओहोटीही शिकवावी. आपल्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघणाऱ्यांनी तर हे बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते. हॉटेल बुक करताना तेही बघा.

"पावसाळ्यात जायचं नाही, एवढं कळतं आम्हाला," असं बरेच जण म्हणतात. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडून गेले. तेव्हा ना पाऊस होता, ना वादळ. पावसाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, ज्यांचं पोट दर्यावर चालतं ते होड्या वर ओढून ठेवतात आणि आपण शनिवारी लाटांत शिरतो.

आणि कोणी बुडताना दिसलं तर पोहता येतं म्हणून मागोमाग उडी टाकू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा, अशीच घरंच्या घरं जातात. दोर, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, तरंगेल ते फेका. जीवरक्षकाला किंवा जवळच्या कोळी बांधवांना हाक मारा, 112 लावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं लटकवून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला लागा आणि दवाखान्यात पोचेपर्यंत थांबू नका.