कागद, वही आणि चित्रांची कार्डं : एका गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

ऑटिझमच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांवरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात देतो. "काऊन लोकायले पैसे वाया घालवायला लावता? सहा महिन्यांच्या कागदानं कोणी तज्ज्ञ होत नाही. ते सारं शहरातल्या एसी खोलीतलं शिक्षण, आमच्या गावात ना थेरपिस्ट ना सामान. आन् चित्राची कार्डं हाती देली का लेकरू बोलाचंच सोडते." शेवटी विचारलंत की यंदा पहिलीत असं एक मूल येतंय, त्याचं काय करू.

कागदाबद्दल तुमच्याशी भांडण नाही. उलट लेखातच हे ठळक यायला हवं होतं. आपल्याकडे विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत नाव लागतं. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोबाईलवर जाहिरात येते ते ब्रिटनचं 'लेव्हल २' प्रमाणपत्र साधारण आपल्या दहावीच्या पातळीचं असतं आणि तिकडच्या काळजीवाहकांसाठी, शाळेतल्या मदतनिसांसाठी बनवलेलं असतं. त्याने आरसीआयचा क्रमांक मिळत नाही. त्यातला कायद्याचा धडाही तिकडचाच. इंग्लंडचा २००९ चा ऑटिझम कायदा पाठ करून आर्णी-घाटंजीच्या आईला काय उपयोग? तिला लागतो आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वात ऑटिझम त्यात स्वतंत्र आहे, आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. असा कागद भिंतीवर लावून कोणी तालुक्याला 'थेरपी सेंटर' उघडलं असेल, तर पैसे देण्याआधी आरसीआय क्रमांक मागा. गावपातळीवरच काम करायचं असेल तर आरसीआयचा स्वतःचा सहा महिन्यांचा सीबीआयडी, म्हणजे समुदाय-आधारित समावेशक विकासाचा, अभ्यासक्रम आहे. तो २०२१ साली सुरू झाला. आशाताई, अंगणवाडीताईंच्या जोडीने काम करणारी माणसं त्यातून तयार व्हावीत असा हेतू आहे. त्यांना 'दिव्यांग मित्र' म्हणतात.

मग शिकायचं कशासाठी? आमच्या मते यातल्या कुठल्याही बऱ्या अभ्यासक्रमातली सर्वांत कामाची गोष्ट थेरपी नाहीच, ती आहे नोंद करायला शिकणं. त्याला एसी खोली लागत नाही, दोनशे पानी वही लागते.

वहीत चार रकाने आखायचे : वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. दिसायला सोपं आहे, पण पहिल्या आठवड्यात सगळेच चुकतात. तिसऱ्या रकान्यात "चिडला", "हट्ट केला", "मूड नव्हता" असं लिहितात. हे झालं आपलं मत. लिहायचं ते असं : "दोन्ही कानांवर हात, कपाळ भिंतीवर तीनदा, सव्वा मिनिट." दुसरी चूक मोठी. गोंधळ झाला तेवढीच नोंद करतात, शांत गेलेला दिवस कोरा सोडतात, आणि नेमकं उत्तर त्या कोऱ्या दिवसात असतं. समजा, एक मूल रोज खिचडीच्या वेळी डोकं आपटतं. सगळे म्हणतात, भूक सहन होत नाही. बारा दिवसांच्या नोंदीत नऊ दिवस असंच घडलेलं दिसतं, पण उरलेल्या तिन्ही दिवशी पंगत बाहेर लिंबाखाली बसलेली. म्हणजे भुकेचा संबंध नाही. टिनाच्या छताखाली, फरशीवर, स्टीलच्या ताटल्यांचा ढीग आदळतो, तो आवाज त्याला सोसत नाही. उपाय : ताटल्या ठेवायच्या जागी गोणपाट अंथरा आणि त्याला पाच मिनिटं आधी हात धुवायला पाठवा. खर्च शून्य.

चौथा रकाना लोक टाळतात. डोकं आपटलं की दरवेळी घरी पाठवलं, तर महिन्याभरात कारणच बदलतं. सुरुवात आवाजाने झाली असली तरी आता घरी जायचा रस्ता त्याला सापडलेला असतो. म्हणून नोंद थांबवायची नाही. आणि एखादी गोष्ट अचानक, कधी नव्हती ती सुरू झाली, तर वही बाजूला ठेवून आधी कान, दात, बद्धकोष्ठ बघून घ्या. बोलता न येणारं लेकरू दुखतंय हे सांगणार कसं? मधेच टक लावून गोठल्यासारखं होत असेल तर फिट्सची शंका, थेट डॉक्टर.

हीच वही मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी होते त्या दिवशीही कामी येते. जिल्हा रुग्णालयात ऑटिझमचं मोजमाप 'इसा' या भारतीय मापनश्रेणीने होतं. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ती गोष्ट वेळेच्या २० टक्क्यांपर्यंत दिसली तर १, ८० टक्क्यांच्या वर दिसली तर ५. बेरीज ७० ते १०६ म्हणजे सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. सत्तरच्या खाली ऑटिझम धरत नाहीत. आता आईला विचारलं की असं किती वेळा करतो, आणि ती संकोचून म्हणाली "कधी कधी", तर तिथे २ पडतात. वहीत ते दिवसातून पंधरा वेळा निघतं. त्या दिवशी मूल मोबाईल घेऊन चूप बसलेलं असलं तर आणखीच पंचाईत. म्हणून वही आणि दोन-दोन मिनिटांचे चार-पाच व्हिडिओ सोबत न्यावेत.

आता कार्डांचा मुद्दा. इथे तुमचं म्हणणं पटत नाही. चित्रं किंवा खुणा दिल्याने बोलणं खुंटतं असं संशोधनात दिसलेलं नाही, काही मुलांचं बोलणं थोडंफार वाढतंच. पण कार्डं फसताना तुम्ही पाहिली असणार, ते खरं. ती फसतात कारण पद्धत अर्धीच शिकलेली असते. १९८५ साली अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी तयार केलेल्या पेक्स पद्धतीत, म्हणजे चित्राचं कार्ड देऊन हवं ते मागायला शिकवण्याच्या पद्धतीत, सहा टप्पे आहेत आणि पहिल्याच टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. आई समोर बसते, मुठीत मुरमुरे, दुसरा हात उघडा. आजी किंवा मोठी बहीण मुलाच्या मागे. मूल मुरमुऱ्यांकडे झेपावलं की मागची व्यक्ती न बोलता त्याचा हात कार्डाकडे नेते, उचलायला लावते, आईच्या तळव्यावर सोडायला लावते. कार्ड हातात पडताच आई "मुरमुरे!" म्हणते आणि देते. "काय पाहिजे?" हे विचारायचं नाही. विचारलं की मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं आणि आपणहून मागत नाही. मागच्या हाताची मदत कमी करायची ती शेवटाकडून : आधी कार्ड सोडणं त्याचं त्याला करू द्या, मग उचलणं. एका वेळी मुरमुरे तीन-चारच. वाटीभर दिले की मागायचं कारण संपलं.

चित्रही बघून घ्या. नेटवरून काढलेला कपबशीचा रंगीत फोटो त्या लेकराच्या लेखी पाणी नसतो. घरच्याच पेल्याचा फोटो काढा, पाच सेंटिमीटरचा चौकोन, लॅमिनेशन, मागे वेल्क्रो. वेल्क्रो शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो. आणि कार्डं कपाटात जपून ठेवू नका. आपलं तोंड कोणी कपाटात ठेवतं का?

जाता जाता : ऑटिस्टिक मुलासाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द आम्ही शक्यतो टाळतो. स्वतःतच रमलेलं, कोणी नको असलेलं मूल, असं त्यातून वाटतं. बरीचशी मुलं जवळ यायला बघतात, त्यांची रीत आपल्याला ओळखू येत नाही इतकंच.

आता तुमचा पहिलीतला विद्यार्थी. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा हाताशी वेळ आहे. उघडण्याआधी आठ-दहा दिवस, इमारत रिकामी असताना, वडिलांसोबत त्याला रोज पंधरा मिनिटं बोलवा. त्याची बसायची जागा, नळ, संडास आणि तुमचा स्वतःचा फोटो काढून घरी द्या. जागा भिंतीकडेची, रोज तीच. फळ्याशेजारी चारच चित्रांची पट्टी : प्रार्थना, वर्ग, जेवण, घर. एक झालं की ते चित्र काढून त्यानेच डबीत टाकायचं. तान्ह्या पोळ्याला कार्यक्रम वेगळा असेल तर पट्टीत बदल सकाळीच दाखवा, ऐन वेळी नको. सूचना देताना आधी नाव, मग तीन-चार शब्द, मग मनात दहापर्यंत मोजा. मधे पुन्हा बोललात की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. "माझ्याकडे बघ" म्हणू नका. खाली बघूनही तो ऐकत असतो.

ऐकू येण्याची तपासणी झाली आहे का, हे आईला आधी विचारा. नावाला ओ न देणारं प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसतं. आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्याची वाट न बघता जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवा, आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा.

आणि शाळेची घंटा जर रुळाच्या लोखंडी तुकड्याची असेल, तर वाजवणाऱ्या पोराला सांगा : तीनच ठोके, लाकडी दांड्याने, आणि त्याआधी या मुलाला घंटेचं चित्र दाखवून.