केस जळल्यासारखा वास आला म्हणून पैठणी बोहारणीला?

मागच्या रविवारी आत्याकडे गेले, तर दाराशी जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं. दुपारी बोहारीण येणार होती. गाठोड्याच्या तोंडाशी मोरपंखी रंग दिसला म्हणून हात घातला, तर तिच्या लग्नातली पैठणी! आजोबांनी स्वतः येवल्याला जाऊन आणलेली. पदराच्या दशांमधले तीन धागे टोकाला काळे पडले होते. विचारलं तर म्हणाली, "अगं, चायनाची निघाली ती. जाळून बघितली मी. केस जळल्यासारखा वास आला. इतकी वर्षं नकली साडी कपाटात जपली." हे सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

मग तिने फोनवरचा मेसेज दाखवला. तोच मेसेज त्यानंतरच्या आठवड्यात मला सोसायटीच्या आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही आला. वर 'सर्व भगिनींसाठी महत्त्वाची सूचना'. खाली मुद्दे असे: चीनमध्ये आता रेशीम होतच नाही, 'चायना सिल्क' म्हणजे प्लास्टिकचा धागा. ते ओळखायचं तर साडीच्या पदराला काडी लावा, केस जळल्यासारखा वास आला तर ती चिनी केमिकलची, अस्सल भारतीय रेशमाला वास येत नाही. असं कापड अंगावर घातलं तर कॅन्सर होतो. रेशीम मुळात भारताचं, चीनने ते चोरलं. चिनी भरतकाम सगळं मशीनचं, आणि त्याचा पुरावा म्हणजे ते दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं. शेवटचा मुद्दा, चिनी लोक अळ्या जिवंत उकळतात म्हणून ते रेशीम सोवळ्याला चालत नाही.

सगळ्यात आधी ती काडी. हा मुद्दा नुसता चूक नाही, पूर्ण उलटा आहे. केस जळल्यासारखा वास हीच खऱ्या रेशमाची खूण. आपला केस, नख, मेंढीची लोकर आणि रेशीम हे सगळं प्रथिन आहे. रेशमाच्या धाग्याचा गाभा फायब्रोइन नावाच्या प्रथिनाचा असतो, त्यावर सेरिसिनचा डिंकासारखा थर असतो. प्रथिन जळलं की तो वास येणारच, मग अळी चीनमधल्या चच्यांगची असो, कर्नाटकातल्या रामनगरची असो की आपल्या जालन्याची. आत्याला जो वास आला, त्या वासाने तिच्या पैठणीतलं रेशीम खरं असल्याचं दाखवून दिलं. आणि नेमका तोच पुरावा हातात धरून ती साडी दोन स्टीलच्या डब्यांवर द्यायला निघाली होती. या एका ओळीपायी अशा किती साड्या गेल्या असतील, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

तिथेच बसून आम्ही दोघींनी पुन्हा करून पाहिलं, या वेळी नीट. पैठणीच्या दशेतला एकच धागा घेतला, जर नसलेला. तो चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून ज्योतीजवळ नेला. धागा आक्रसला, हळूहळू जळला आणि ज्योत बाजूला केल्यावर आपोआप विझला. टोकाला काळी गुठळी राहिली, ती बोटांत चुरडली तर तिची पूड झाली. मग आत्याच्याच कपाटातल्या, भिशीच्या बाईकडून घेतलेल्या 'सिल्क' साडीचा धागा घेतला. तो वितळला, त्याचा थेंब झाला, गोडसर कुबट वास आला आणि टोकाला कडक मणी तयार झाला, नखानेही फुटेना. ते पॉलिएस्टर. रेयॉन असता तर कागदासारखा भुर्रकन जळून मऊ राखाडी राख झाली असती. पूर्ण परीक्षा ती इतकीच, आणि लोकरही याच वासाने जळते हे लक्षात ठेवायचं. पदराला काडी लावा असं लिहिणाऱ्याला वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला कसं चिकटतं याची कल्पना नसावी. नेसलेल्या साडीला कुणी काडी लावली तर काय होईल, हेही त्याच्या डोक्यात आलं नाही. धागा काढायचा, साडी लांब ठेवायची. नाहीतर सरळ शुद्ध रेशमाची हमी देणारं सिल्क मार्कचं लेबल बघून घ्यायची.

आणि एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. ज्योत फक्त धागा रेशमाचा आहे का ते सांगते, देश सांगत नाही. तुतीचा पाला खाणारी अळी दोन्हीकडची एकच जात आहे. आत्याच्या पैठणीतलं रेशीम कर्नाटकातलं होतं की चिनी, ते येवल्याच्या विणकरालाच ठाऊक. ते चिनी असलं तरी पैठणी नकली ठरत नाही. ती ज्या हातांनी मागावर विणली, त्यांची ती आहे.

'चायना सिल्क म्हणजे प्लास्टिक' या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. आपल्याकडच्या दुकानांत त्या नावाखाली सर्रास पॉलिएस्टर विकलं जातं. काही तिकडून येतं, पुष्कळसं इथेच तयार होतं. सेमी पैठणी म्हणून जे गळ्यात मारतात, त्यातही बहुतेक वेळा शुद्ध रेशीम नसतं. पण ही आपल्या दुकानदारांची लबाडी आहे. 'चीनमध्ये रेशीम होतच नाही' हे मात्र साफ खोटं. जगात सगळ्यात जास्त रेशीम आजही चीनमध्येच होतं, आपण दुसरे. उलट आपल्याच विणकरांनी ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी, चिनी धागा मागून घेतला, कारण तो एकसारखा असतो, गाठी कमी, सहजी तुटत नाही. आपल्याकडची बहुपिकी अळी उष्ण हवेत तगते, वर्षभर पिकं देते, पण तिचा धागा तेवढा सलग निघत नाही. त्यासाठी म्हैसूरच्या संशोधन संस्थेने वर्षाला दोन पिढ्या होणाऱ्या दुबार जातीचे संकर तयार केले, ते आता मराठवाड्यातले शेतकरीही घेतात. स्वस्त चिनी रेशमाने इथल्या कोष उत्पादकांचं कंबरडं मोडलं होतं, सरकारला अँटी-डंपिंग शुल्क लावावं लागलं, हेही खरं. त्या शेतकऱ्यासाठी कुणी बोलत असेल तर मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण त्यासाठी धाग्याला प्लास्टिक म्हणायची गरज नाही. तो चांगला होता म्हणूनच तर विकला गेला.

आता 'चोरलं'. याला उत्तर द्यायला मला एकच ओळ पुरते, आणि ती आपल्याच ग्रंथातली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाच्या कोठारात घ्यायच्या मौल्यवान मालाची परीक्षा सांगताना येतं: 'चीनपट्टाश्च चीनभूमिजाः'. चीनच्या भूमीत होणारी ती चीनपट्ट वस्त्रं. त्याच्या आधीच्याच ओळींमध्ये कौटिल्य पत्रोर्ण नावाच्या धाग्याची प्रत लावतो, मगधाचा, पुंड्राचा, सुवर्णकुड्याचा. हा धागा कुठल्या झाडांवर होतो तेही सांगतो: नागवृक्ष, लिकुच, बकुल, वड. म्हणजे झाडावर होणारा आपला धागा त्याला माहीत होता, चीनहून येणारं वस्त्रही माहीत होतं, आणि दोन्हींची नोंद त्याने वेगवेगळी केली. चोरीचा माल असता तर चाणक्याने तो 'चीनभूमीचा' म्हणून का लिहिला असता? कालिदासाच्या शाकुंतलात पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंताचं मन मागे ओढ घेतं, ते वाऱ्याविरुद्ध नेलेल्या ध्वजाच्या चीनांशुकासारखं, म्हणजे चिनी रेशमी कापडासारखं. चीनांशुक हा शब्द संस्कृत काव्यात इतका मुरला आहे की त्याचा अर्थ सांगायचीही कवीला गरज वाटली नाही.

इथेही अर्धं श्रेय द्यायचं तर ते हडप्पाला. सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत रेशमाचे तंतू सापडले आहेत, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पण ते रानरेशीम आहे, आजच्या टसरच्या कुळातलं. तुतीची अळी पाळायची, तिला माणसाच्या हातून पाला खाऊ घालायचा आणि कोषातून एकसंध तंतू उलगडायचा, ही विद्या चीनची. चच्यांग प्रांतात हूचौजवळ च्येनशानयांग इथे चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे रेशमी कापडाचे तुकडे मिळाले आहेत. ती अळी माणसाच्या इतकी आधीन झाली आहे की तिचं पाखरू आता उडूही शकत नाही. दोन्ही देशांनी आपापल्या अळ्यांकडून धागा मिळवला, यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

भरतकामाच्या मुद्द्याने मला वेगळा त्रास झाला, कारण आत्याच्या बैठकीच्या खोलीत त्याचं उत्तर टांगलेलं आहे. तिचा मुलगा कामानिमित्त चीनमधल्या सूचौला गेला होता, तिथून त्याने एक छोटी चौकट आणली. तलम, आरपार दिसणाऱ्या रेशमावर दोन सोनमासे. मेसेज वाचून आत्याने ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पण तिला मागची बाजूच नाही! मागूनही तेच मासे दिसत होते. चौकट उजेडात धरली तेव्हा शेपटी डोळ्यांत भरली. अंगाशी टाके दाट, आणि टोकाकडे जाता जाता धागा इतका बारीक होतो की तो संपतो कुठे आणि पाणी सुरू होतं कुठे ते कळत नाही. सूचौच्या बायका रेशमाचा एक धागा बोटांनी उकलून त्याचे दोन, चार, आठ, सोळा भाग करतात. माशाच्या शेपटीला असा सोळावा भाग लागतो. दोन्ही बाजूंना गाठ दिसू नये म्हणून धाग्याचं टोक बारीक टाक्यांत दाबून त्यावर पुढचं भरत चढवतात. हे हाताचं काम आहे. मशीनवरचेही नग निघतात, पर्यटकांच्या दुकानांत तेच जास्त, मी नाकारत नाही. पण दोन्ही बाजू सारख्या म्हणून ते मशीनचं, हा तर्क लावला तर काश्मीरची दोरुखा शालही मशीनची ठरते. आणि आपली पैठणी? तिचा मोर उलटून बघा, मागेही तसाच मोर असतो. ग्राहकाला अस्सल पैठणी दाखवताना येवल्यात आधी पदराची मागची बाजूच दाखवतात.

चीनमध्ये क-स नावाचं एक विणकाम आहे. त्यात ताणा सलग जातो, पण बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, प्रत्येक रंग आपल्या कांडीवर फक्त आपल्या नक्षीपुरता फिरून परत येतो. पैठणीच्या पदराची रीत हीच! फरक एवढाच की आपल्याकडे शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात, तिकडे तिथे बारीकशी फट राहू देतात. मी हे आत्याला पदरावरच्या पोपटाच्या चोचीवर बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

मुंबईत कुणा पारशी घरात जुना गारा असेल तर तोही मागून पाहावा. एकोणिसाव्या शतकात पारशी व्यापाऱ्यांनी चीनमधल्या कँटनहून आणलेली ही भरतकामाची रेशमी वस्त्रं. त्यावर बगळे, शेवंती, पुलावरची चिनी माणसं, आणि तो गाठीचा बारीक टाका. ते त्या घरांत लेकी-सुनांना सोन्यासारखे देतात.

हाताच्या कामाबद्दल आणखी एक सांगते. १९७२ साली हूनान प्रांतात छांगशाजवळ मावांगत्वेइ इथे एक कबर उघडली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, एका सरदाराच्या पत्नीची. तिच्या वस्त्रांमध्ये साखळी टाक्याचं भरत होतं, आणि एक जाळीदार रेशमी झगा होता. लांबी १२८ सेंटिमीटर, लांब बाह्यांसकट वजन फक्त ४९ ग्रॅम. आजच्या कारागिरांनी तसाच झगा विणायला घेतला, तर पहिली प्रतिकृती ८० ग्रॅमच्या वर गेली. आजची अळी पोसून जाड झाली आहे, तिचा तंतूही जाड निघतो. वजन उतरवायला त्यांना आधी बारीक अळी मिळवावी लागली. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं, त्यांच्या वारसांना एका ओळीत 'मशीनवाले' म्हणणं मला सहन होत नाही.

राहिलेले दोन मुद्दे. कॅन्सरबद्दल मेसेजमध्ये ना डॉक्टरचं नाव, ना कसला पुरावा. शुद्ध रेशमाच्या धाग्याने ऑपरेशननंतरचे टाके वर्षानुवर्षं घातले जात आले आहेत. हलक्या रंगाने अंगाला खाज येऊ शकते, पण ती कुठल्याही देशाच्या कापडाने येते.

अळ्यांचं म्हणाल तर कोष सगळीकडेच पाखरू बाहेर पडण्याआधी वाफेवर किंवा उष्णतेवर मारतात, चीनमध्येही आणि आपल्याकडेही. पाखरू बाहेर आलं की कोषाला भोक पडतं, हजारभर मीटरचा सलग तंतू तुटतो, मग तो उलगडता येत नाही, कापसासारखा कातावा लागतो. एरीचं रेशीम असंच कातलेलं असतं. अळी मरते म्हणून कुणाला रेशीमच नको असेल तर त्या माणसाचा मी मान राखते. पण देवघरातला सोवळ्याचा रेशमी मुकटाही अशाच मारलेल्या कोषांतून आला आहे.

बोहारीण आली तेव्हा आत्याने तिला दोन चादरी आणि भिशीच्या बाईची ती साडी दिली. पैठणी मलमलच्या धोतरात गुंडाळून पुन्हा कपाटात गेली. सोनमासे खिडकीपाशी टांगले, दोन्हीकडून दिसतील असे. आणि ज्या ग्रुपवरून मेसेज आला होता, त्यावर आत्याने स्वतःच्या बोटांनी टाइप केलं: "केसांचा वास आला तर साडी खरी असते. कुणी टाकून दिली असेल तर आजच परत आणा."