बोट कुठे ठेवायचे, एवढे तरी दाखवा

आज आर्वीच्या बसस्थानकावर चार महिन्यांचे लेकरू मांडीवर घेतलेली एक पोरसवदा आई भेटली. बाळाचा डावा डोळा सतत पाझरत होता, पापण्या चिपडांनी चिकटल्या होत्या आणि पिशवीत थेंबांची तिसरी बाटली होती. चिठ्ठीवर ‘मसाज’ एवढा एकच शब्द; म्हणून ती बिचारी मिटलेल्या पापणीवरून खोबरेल तेलाचे बोट फिरवत होती. “ऑपरेशन करा लागते का हो ताई?” असे तिने विचारले तेव्हा मला संतापच आला.

माझ्या मुलाच्या वेळी मीही महिनाभर पापणीच कुरवाळली होती. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रातल्या सिस्टरने ते पाहिले, माझे बोट स्वतःच्या हातात धरले, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकाच्या हाडाशी टेकवून दाबले आणि तसेच नाकाच्या कडेने खाली आणले. “असं कुरवाळून नाही होत बाई, दाबा लागते.” दोन मिनिटांचे काम होते.

अश्रू नाकात नेणाऱ्या नळीच्या खालच्या तोंडावर काही बाळांना जन्मतः पातळ पडदा राहून जातो. वरून दाब दिला की आतले पाणी त्यावर आदळते आणि पडदा उघडतो. ही रीत क्रिगलर नावाच्या डॉक्टरांनी १९२३ साली मांडली. शंभर वर्षे उलटली, तरी ती आमच्या आयांपर्यंत चिठ्ठीतला एक शब्द होऊनच पोहोचावी? दवाखान्यात गर्दी असते, हे मान्य. पण सिस्टरपुढेही त्या दिवशी रांग होतीच.

दहापैकी नऊ बाळांची नळी वर्षाच्या आत मोकळी होते. वर्षानंतरही न उघडल्यास डॉक्टरांना बारीक सळई घालावी लागते, तेही खरे. आणि कोपऱ्यात लाल, दुखरी सूज किंवा ताप असेल तर घरी दाबत न बसता लगेच दवाखाना गाठावा. घरोघरच्या आजींना मात्र हात जोडून विनंती आहे, त्या डोळ्यात काजळ घालू नका. माझ्या सासूबाईंनीही मायेपोटीच घातले होते. सिस्टरने समजावल्यावर हात धुऊन मसाज त्याच करू लागल्या.

बसस्थानकावरच्या त्या आईचे बोट मी तसेच हातात धरले आणि जागा दाखवली. दिवसातून तीन-चारदा, दर वेळी पाच ते दहा वेळा, असे सांगितले. तिचे नख वाढलेले होते. शेजारच्या टपरीवरून तिने नेलकटर घेतले आणि बस लागण्याआधीच तर्जनीचे नख कापले.