कर्नाक पूल उघडायचा म्हणे!
बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एक फोटो फिरतोय, म्हणे मस्जिद बंदरचा जुना कर्नाक पूल बोटी जायला मधोमध उघडायचा. अहो काका, खाली सेंट्रल रेल्वेचे रूळ, बोट जाणार कुठून? १८६८ चा तो पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तोवर कधी उघडला बिघडला नाही, आम्ही लहानपणी हातगाड्यांच्या मधून वाट काढत पलीकडे जायचो एवढंच आठवतं. फोटोतला पूल रामेश्वरमचा पांबन आहे, १९१४ चा, बोट आली की माणसं हाताने दांडे फिरवून त्याचे दोन्ही पंख वर उचलायची. आणि आता तिथेही बाजूला नवीन पूल झालाय, त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो, एप्रिल २०२५ पासून. तेव्हा काका, फॉरवर्ड डिलीट करा प्लीज.