गुलमोहराच्या ढोलीतील सिमेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. जंगलातल्या झाडांना कोणी औषध देत नाही, मग अंगणातल्या गुलमोहरासाठी तज्ज्ञावर पैसे कशाला घालवायचे, आणि ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी रीत मी का मोडीत काढतो, असे आपण विचारले आहे.

जंगलातले झाड पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात उभे असते आणि तिथली मोडलेली फांदी कोणाच्या छपरावर पडत नाही. मूळचा मादागास्करचा, ठिसूळ लाकडाचा आणि वरवर पसरणाऱ्या मुळांचा गुलमोहर आपण मात्र बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून जखडतो आणि पाइपलाइनसाठी त्याची मुळेही तोडतो. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला, तो याच घुसमटीमुळे. पुष्कळदा पहिला उपचार म्हणजे आळे मोकळे करणे, एवढाच असतो.

सिमेंटबाबत मात्र मी ठाम आहे. कातडी भरून येते तसे लाकूड भरून येत नाही; झाड कुजका भाग आतल्या आत वेगळा पाडते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड चढवत जाते, हे अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून दाखवले. ढोली खरवडून साफ केली की झाडाने उभारलेली ती भिंतच फुटते, आणि वाऱ्याने खोड डोलते तेव्हा आतला न हलणारा गोळा कडांना घासत राहून फटींत पाणी धरतो. माझ्या वडिलांनी मोठ्या मायेने ढोली भरलेला आमचा गुलमोहर एका वळवाच्या पावसात कोसळला, तेव्हा सिमेंट जसेच्या तसे होते आणि भोवतालचे लाकूड हाताने चुरडत होते.

निदान न करता फवारणीचे वार्षिक कंत्राट गळ्यात मारणाऱ्यांविषयीचा आपला राग मला मान्य आहे. जाणकार माणूस आधी बुंधा ठोकून पोकळी तपासतो, आणि फांदी काढताना तिच्या मुळाशी असलेला फुगीर कंगोरा राखतो, कारण जखम तिथूनच मिटत येते.

आपल्या झाडाच्या बुंध्याशी दर पावसाळ्यात कडक, तांबूस तपकिरी छत्र्या येतात, हे आपण ओघात लिहून गेला आहात, आणि मला काळजी त्याचीच वाटते. ती मुळे कुजवणारी गॅनोडर्मा बुरशी असू शकते. तसे असेल तर वरून कितीही हिरवे दिसणारे झाड खालून सुटलेले असते आणि फवारणीचा काही उपयोग होत नाही. कृपया या आठवड्यातच ते जाणकाराला दाखवा, आणि तोवर त्याखालचा मुलांचा झोपाळा काढून ठेवा.